मधल्या दारावरचा कागद

हात माझाबी चालतो, खोटं कशाला बोलू? बावीस वर्षं झाली, जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीचा वर्ग घेते. त्यातली पहिली आठ वर्षं मी पोरांना पट्टीनं, छडीनं, हाताला लागंल त्यानं बडवून काढलंय. एकदा एका पोरीच्या कानातनं रक्त आलं. तिची आई शाळेत आली आणि शांतपणे म्हणली, "बाई, हिला वाचायला न्हाय आलं तरी चालंल, ऐकू तेवढं येऊ द्या." त्या दिवशी मी छडी घरी नेऊन चुलीत घातली. राग काय चुलीत घालता येत न्हाय. तो हाय तसाच हाय. म्हणून मारणारं माणूस मला लांबनं कळतं, आणि त्याला नावं ठेवताना माझी जीभ जरा अडखळती.

माझं नाव त्रिशला. हातकणंगल्याच्या अलीकडं आमचं गाव. घरात दोन भाऊ. थोरला अनेकांत, तो माझा नवरा. धाकटा दादासो, थोरल्याला अण्णा म्हणतो. मी लग्न होऊन आले तवा दादासो सातवीत व्हता. त्याचं गणित मी घेतलं, त्याचा डबा मी भरला, पायात काटा मोडला तर माझ्याच मांडीवर पाय ठेवून बोंब मारायचा. मला वैनी म्हणतो. भांडण झालं तरी वैनी, कोर्टात उभा राहिला तरी वैनी.

जैनाचं घर आमचं. पाणी गाळून पितो, दिवस मावळायच्या आत जेवतो, पर्युषणात अख्ख्या जगाची क्षमा मागतो. बाकीच्यांचं मला म्हाईत न्हाय, आमच्या घरापुरतं बोलते. आमच्या घरात मुंगी बाजूला सारून पाय टाकतात, आणि सख्ख्या भावाचं तोंड दिसलं की दात खातात.

सहा वर्षांमागं वाटणी झाली. एका घराची दोन घरं केली, मधली भिंत तेवढी राहिली, आणि त्या भिंतीत एक दार. भिंत कुणाची, दार कुणाचं, ह्याच्यावरनं दावा पडला. जज्जसाहेबांनी सांगितलं, निकाल लागेस्तोवर भिंतीला कुणी खिळासुद्धा मारायचा न्हाय. दाराला कुलूप न्हवतं, कारण कुलूप कुणी घालायचं ह्याच्यावर बी भांडण. सहा वर्षं दोघं भाऊ त्या दाराकडं पाठ करून जेवले.

त्या दारातनं एकच जीव जायचा यायचा. दादासोची पोरगी, श्रुती. सहा वर्षांची, माझ्याच वर्गात. मला मोठी आई म्हणायची. मला मूल न्हाय. एवढं सांगते आणि ह्यावर पुन्हा बोलणार न्हाय.

श्रुतीला वाचता येत न्हवतं. पोरगी हुशार, तोंडानं मैनेवानी बोलायची, पण अक्षर समोर आलं की गाडी चिखलात. "आ... म... चं..." एकेक अक्षर उकरून काढायची, आणि शेवटाला पोचेस्तोवर पहिलं विसरलेली असायची. रोज संध्याकाळी दादासो तिला घेऊन बसायचा. भिंतीच्या अलीकडं मी भाकरी थापत असायची. पलीकडनं ऐकू यायचं, "मिळून काय झालं? सांग की! मिळून काय झालं?" मग गप्पगार. आणि मग थप्पड. दादासोचा हात म्हणजे ऊस तोडणाऱ्याचा हात, भिंतीतनं बी कळायचा. ती रडायची न्हाय. रडलं की दुसरी बसती, हे तिला कळलं व्हतं.

एकदा तर मला ऐकू जाईल असं मुद्दाम मोठ्यानं म्हणला, "दुसऱ्यांची पोरं धडाधडा वाचाय लागली. आमच्याच पोरीला कसं येत न्हाय? वैनी मुद्दाम शिकवत न्हाईत!"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. परातीसकट पीठ भिंतीवर मारलं. अनेकांत म्हणला, "काय गं?" म्हटलं, "काय न्हाय, हात निसटला." पण त्या रात्री ठरवलं, ही पोरगी दोन महिन्यांत वाचली पायजे. न्हाईतर हा माणूस तिला मारून मारून बहिरी करंल, आणि त्यातला अर्धा मार माझ्या नावाचा असंल.

मी जुन्या लग्नपत्रिका गोळा केल्या. त्यांची पाठ कोरी असती. त्या कापून, काळ्या स्केचपेननं मोठ्या अक्षरात एकेक शब्द लिहिला. मी, तू, हे, ते, आहे, नाही, ये, जा, आणि, पण, माझं, तुझं, आमचं. कुठलंबी पान उघडा, हे शब्द तिथं बसलेलेच असतात. पोरगं जर दर वेळी 'आहे' सुद्धा फोडत बसलं तर गोष्ट कवा वाचणार? म्हणून पोरांना सांगायची, ह्याला फोडायचं न्हाय. शेजारच्या मावशीला तुम्ही नाक, कान, डोळे मोजून ओळखता काय? बघितली की कळतं, मावशी आली. तसं हे. बघायचं आणि म्हणायचं.

रोज पाच कागद. वर करायची, "काय?" सगळी पोरं ओरडायची, "आहे!" खाली. दुसरा. "नाही!" चुकलं तर चुकलं, पुन्हा वर. मारणं न्हाय, रागावणं न्हाय. श्रुती पहिले आठ दिवस नुसती बघत बसली. नवव्या दिवशी मी 'पण' वर केला आणि सगळ्या वर्गाच्या आधी ती किंचाळली, "पण!" मी मुद्दाम चेहरा कोरा ठेवला. आत काय झालं ते माझं मला ठाऊक.

दीड महिन्यात तिचे चाळीस शब्द झाले. वाचताना आता चाळीस ठिकाणी तिला अडखळायला लागायचं न्हाय, तेवढा दम उरायचा, मग उरलेला शब्द ती जुळवून काढायची. भिंतीपलीकडनं थपडा कमी झाल्या. मग बंदच झाल्या. एका संध्याकाळी दादासोचं हसू ऐकू आलं. सहा वर्षांनी ऐकलं. मी तव्यावरची भाकरी करपवली.

आणि मग मी शहाणी झाले. नको तेवढी शहाणी.

शनिवारी सकाळची शाळा. मी पोरांना सांगितलं, ज्याला जो आवडंल तो कागद न्या, आणि घरात ज्याला शोभंल त्याला चिकटवा. सोमवारी सांगा कुठं लावला. कुणी 'पाणी' नेला, कुणी 'ये' नेला. श्रुतीनं 'आमचं' उचलला. मी बघितलं आणि हसून दिलं. बावीस वर्षांची मास्तरीण, पण एवढी अक्कल चालली न्हाय. आमच्या गावात भिंतीला कागद चिकटतो कशासाठी? बँकेचा, कोर्टाचा, न्हाईतर ग्रामपंचायतीचा. हौसेनं कागद कोण लावतं? दाराला कागद म्हणजे नोटीस, हे शेंबडं पोर बी सांगंल. सहा वर्षांच्या पोरीला तेवढं कळत न्हवतं, आणि मला आठवलं न्हाय.

त्याच दिवशी संध्याकाळचे साडेपाच. अनेकांत जेवायला बसलेला. मी आमटी वाढत व्हते. पलीकडं दादासो रानातनं आल्याचं ऐकू आलं, चपला काढल्या, हातपाय धुतले. मग असा आवाज आला की मला वाटलं घर पडलं.

"अण्णा! ये भाईर! मर्दाची अवलाद असशील तर ये भाईर!"

आणि नुसतं ढकललं तरी उघडणाऱ्या त्या दारात कुऱ्हाड बसली. पहिल्या घावाला फळी चिरली. दुसऱ्या घावाला कुऱ्हाडीचं पातं आमच्या सोप्यात, पुढच्या खोलीत, आलं आणि परत गेलं. तिसऱ्याला मधली फळी निखळून खाली पडली, आणि त्या भोकातनं दोघा भावांनी सहा वर्षांनी एकमेकांचं तोंड जवळनं बघितलं. दादासोच्या एका हातात कुऱ्हाड, दुसऱ्यात तो कागद. 'आमचं'. माझं अक्षर. अख्ख्या गावाला माझं अक्षर ठाऊक, अर्ध्या गावाला मीच लिहायला शिकवलंय.

"कोर्टानं हात लावू नगा सांगितलंय तरी नोटीस लावता व्हय रं? कुणी लावला ह्यो? ज्यानं लावला त्याचा हात मनगटातनं उतरवतो! आईशप्पत उतरवतो!"

त्याच्या पाठीमागं, धान्याच्या कणगीला टेकून श्रुती उभी व्हती. तिच्या बोटांना खळ लागली व्हती. वाळून पांढरी झालेली. मी तिच्या बोटांकडं बघितलं, आणि तिनं मी बघताना बघितलं. तिनं दोन्ही हात हळूच झग्याच्या मागं नेले.

मी आमटीचं पातेलं खाली ठेवलं न्हाय, टाकलं. भोकातनं अर्धी पलीकडं गेले.

"मी लावला, दादासो! मी! काय करायचं हाय ते कर."

कुऱ्हाड वरच्या वर थांबली. "वैनी? तुमी?"

खरं सांगते, त्या क्षणाला त्याचं तोंड सातवीतल्या पोरासारखं झालं व्हतं. हात खाली यायला लागला. मला कळलं, हा माझ्यावर कुऱ्हाड उचलायचा न्हाय, शिव्या देईल, रडंल, आणि संपंल. पोरगी वाचली. मी वाचवली. एवढा एक श्वास मी घेतला.

पण माझा नवरा ताटावरनं उठला व्हता. त्यालाबी वाटलं मीच लावला. आणि त्याला त्याचा अभिमान वाटला, काय सांगू! कोपऱ्यातलं खोरं उचलून, उष्ट्या हातानं, गरजला, "लावला तर लावला! आमचंच हाय दार! तुझ्या बापाचं हाय काय?"

बाप दोघांचा एकच, ह्याचं भान कुणाला?

मला बाजूला ढकलून दादासो भोकातनं आमच्या सोप्यात आला आणि कुऱ्हाड फिरवली. ती अनेकांतच्या दंडाला चाटून भिंतीत रुतली. ती काढायला तो वाकला आणि अनेकांतनं खोरं घातलं. पहिला घाव दादासोच्या उजव्या मनगटावर. हाडाचा आवाज मी ऐकला. ओला ऊस मोडताना येतो तसला. दुसरा घाव डोक्यावर. दादासो गुडघ्यावर आला. मी पाट उचलला आणि माझ्याच नवऱ्याच्या पाठीत घातला. एकदा घातला, दोनदा घातला. "सोड! सोड त्याला, भाऊ हाय तुझा! सोड मुडद्या!" आयुष्यात पहिल्यांदा नवऱ्याला मुडद्या म्हणले. त्यानं मागं वळून न बघता तिसरं खोरं घातलं, ते खांद्यावर. मग पाट त्याच्या कानशिलावर मारला तवा तो थांबला. डोळे असे झालते की मला ओळखलं काय न्हाय, देव जाणे.

पलीकडनं दीपा, दादासोची बायको, किंचाळत आली. "मेला की गं अक्का! मारला गं माझ्या माणसाला!" ती त्याचं डोकं पदरात धरून बसली, आणि पदर बघता बघता लाल झाला. आणि ह्या सगळ्यात एक बारीक आवाज चालला व्हता, कुणी ऐकत न्हवतं. श्रुती म्हणत व्हती, "मी लावला. मी लावला. मी लावला." मी धावत जाऊन तिच्या तोंडावर हात दाबला. जोरात दाबला. नंतर तिच्या गालावर माझी बोटं उठली व्हती.

गल्ली गोळा झाली. दादासोला शेजाऱ्याच्या गाडीत घालून कोल्हापूरला सरकारी दवाखान्यात नेलं, संगं दीपा गेली. पोलीस आले, अनेकांतला घेऊन गेले. अंगावर तेच कपडे, हाताला तीच आमटी. सगळी गेली आणि घरात दोघी राहिलो, मी आणि श्रुती.

मी सोपा धुवायला घेतला. रक्त लवकर निघत न्हाय, घासावं लागतं. ती पायरीवर बसून बघत व्हती. म्हणली, "मोठी आई, ते दार दोन्हीकडचं हाय न्हवं? म्हणून लावला. दुसरं काय आमचं न्हाईच."

मी ओल्या हातानं तिला ओढून पोटाशी धरलं. म्हटलं, "ऐक. कुणाला सांगायचं न्हाय. बाबाला न्हाय, आईला न्हाय, पोलिसाला न्हाय. मोठ्या आईनं लावला. काय?"

"मोठ्या आईनं लावला."

"आणि मी कुणाला सांगणार न्हाय. तुझी शपथ."

तिनं माझ्या दंडाला डोकं टेकलं आणि बसल्या बसल्या झोपली. विश्वास टाकून झोपली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला ठाण्यात बोलावलं. पोरीला कुठं ठेवू? दीपा दवाखान्यात. घेऊन गेले. अनेकांत आतल्या खोलीत, दंडाला फडकं बांधलेलं. रात्रभरात दहा वर्षांनी म्हातारा झालता. जाळीतनं माझ्याकडं बघत व्हता.

हवालदार भला माणूस व्हता. भला व्हता म्हणूनच वाईट झालं. म्हणला, "बाई, तुमच्या मालकांनी सांगितलंय, कागद तुम्ही लावला. बघा, विचार करून बोला. तुम्ही लावला असंल तर सुरुवात तुमच्याकडनं झाली. कोर्टाचा हुकूम तुम्ही मोडला. भावाला चिडवून घरात बोलावला आणि मारला, असा अर्थ निघतो. मालक लवकर सुटायचे न्हाईत. आणि तुम्ही सरकारी नोकर. शाळेतला कागद, तुमचं अक्षर. नोकरीवर बी येईल. पण दुसऱ्याच कुणी लावला असंल, तर गोष्ट वेगळी. मग कुऱ्हाड घेऊन आधी तो आला, एवढंच उरतं."

श्रुती बाकावर बसून पाय हालवत व्हती, भिंतीवरच्या पाट्या बघत ओठ हालवत व्हती. वाचत व्हती.

मी नवऱ्यासाठी केलं म्हणते. लोकांना तसंच सांगते. पण त्या वेळी मनात नवऱ्याच्या आधी माझी नोकरी आली. बावीस वर्षं आली. माझ्या नावाची पाटी आली. हे कुणाला सांगितलं न्हाय, आज सांगते.

मी हवालदाराच्या टेबलावर वाकले आणि हळू आवाजात सांगितलं. बारीक आवाजात, की पोरीला ऐकू जाऊ नये. त्यानं मान डोलावली, कॉम्प्युटरवर टाइप केलं, मशिनीतनं कागद निघाला. "वाचून बघा आणि सही करा."

मी कागद मांडीवर घेतला. डोळ्यात पाणी, अक्षर दिसंना. श्रुती जवळ येऊन माझ्या गुडघ्याला टेकली. कागदावर बोट ठेवलं. आणि वाचायला लागली.

"मी... त्रिशला..." माझं नाव तिनं एका दमात घेतलं. "आमचे घर... आहे. मधले दार... आहे." बोट ओळीवरनं सरकत व्हतं, कुठं अडत न्हवतं. मधले अवघड शब्द ती सोडून द्यायची आणि ओळखीचा आला की त्याच्यावर उडी मारायची. पुस्तकाबाहेरचा अख्खा कागद तिनं आजवर कवा वाचला न्हवता. हे पहिलं. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. खरंच चढलं, लाज वाटती सांगायला. हवालदार सुद्धा म्हणला, "अरे वा! पहिलीला ना गं?"

मला कागद ओढून घ्यायला पायजे व्हता. मी तो धरून बसले. माझी पोरगी वाचती, आणि मी ऐकते.

"सदर... कागद... श्रुती..."

बोट थांबलं. आपलं नाव पोर सगळ्यात आधी ओळखतं. मीच शिकवलं, पहिल्या दिवशी, पहिला कागद. तिनं पुढचं अगदी हळू वाचलं. "श्रुती... हिने... लावला... आहे. मी... लावलेला... नाही."

वर बघितलं. "मोठी आई, काल तर तू म्हणालीस की."

"बाळा, मोठ्या बाबांना सोडवायचं हाय. बघ की, कसे बसलेत."

"बाबा मला मारतील."

"न्हाय मारत. मी हाय की."

"मारतील. हात तोडतो म्हणालेत."

तिनं माझ्या हातातला पेन धरला. ओढला न्हाय, नुसता धरून ठेवला. तिची बोटं अजून खळीनं खरखरीत व्हती. मी एकेक बोट सोडवलं. तिच्या डोळ्यादेखत सही केली, त्रिशला अनेकांत, बावीस वर्षं शाळेच्या हजेरीवर करते तशी, स्वच्छ.

अनेकांत तिसऱ्या दिवशी जामिनावर सुटला. दीपाच्या माहेरची माणसं आली आणि श्रुतीला घेऊन गेली. पोलिसांनी समोर उभं राहून मधल्या भोकाला दोन्हीकडनं पत्रे ठोकून घेतले. शाळेत ती आली न्हाय. मी रोज हजेरी घेताना तिच्या नावावर थांबायची, मग पुढं जायची.

नवव्या दिवशी दादासो घरी आला. उजवा हात कोपरापासनं बोटांपर्यंत प्लास्टरमध्ये, डोक्याला सतरा टाके. डॉक्टर म्हणलेत, मनगट पहिल्यासारखं व्हायचं न्हाय, कोयता धरता यायचा न्हाय. दीपा आणि श्रुती बी आल्या. दिवसभर पलीकडनं काय आवाज न्हाय. मला वाटलं, निभावलं. सुटले एकदाची.

जेवणाच्या वक्ताला सुरू झालं. आधी दादासोचा आवाज, खालच्या पट्टीत, शब्द कळत न्हवते. मग एक सणसणीत फटका. हाताचा न्हवता. मग दुसरा. ह्या वेळेला पोरगी ओरडली. आजवर कवा ओरडली न्हवती, ती ओरडली.

मी पत्र्यावर दोन्ही मुठी मारल्या. "दादासो! ए दादासो! हात लावू नको तिला!" पत्रा वाजला, फटके थांबले न्हाईत. अनेकांत ताटावर खाली मान घालून बसला व्हता. म्हटलं, "ऊठ की!" म्हणला, "जामिनावर हाय मी. मला तिकडं पाय टाकायची बंदी हाय." मी त्याच्या ताटाला लाथ घातली आणि अनवाणी धावले. आमच्या दारातनं भाईर, शेजाऱ्याच्या गोठ्याला वळसा, बोळ, मग त्यांचं दार. पूर्वी दोन पावलं लागायची.

दादासोच्या डाव्या हातात ठिबकच्या नळीचा तुकडा व्हता. काळा, लवलवता. श्रुती भिंतीच्या कोपऱ्यात, दोन्ही हात पुढं केलेली. तळव्यांवर, मनगटांवर, कोपरापर्यंत लाल वळ. मी मध्ये घुसले. एक फटका माझ्या मानेवर बसला, आग झाली. मी नळी हिसकली, दारातनं भाईर भिरकावली, आणि त्याच्या तोंडात अशी मारली की त्याची मान फिरली. टाक्यातनं रक्त आलं. मला त्याची दया आली न्हाय. अजून एक मारली.

"लहान पोर हाय ते! लाज वाटत न्हाय? हात तोडायचा तर माझा तोड!"

दादासोनं हात उचलला न्हाय. म्हणला, "मारा वैनी. तुमचा हक्क हाय, मारा." मग डाव्या हातानं सदऱ्याच्या खिशातनं घडी केलेली झेरॉक्स काढली. दातानं उलगडली. "वकिलानं दिली. तुमचीच सही हाय न्हवं? मी काय मनाचं बोलतोय व्हय? माझा हात गेला. कुणामुळं गेला, ते तुमीच लिहून दिलंय."

"अरे, ती लहान हाय. तिला काय कळतं?"

"लहान हाय म्हणता? मग पोलिसाला सांगताना मोठी झालती व्हय?" त्याचा आवाज फाटला. रडत व्हता तो. "मी चिडलो तर तोडतो म्हणलो, वैनी. रागात म्हणलो. पर लिहून न्हाय दिलं कुणाला."

मी खाली बसले, दोन्ही हात पसरले. म्हटलं, "श्रुती. ये बाळा. ये माझ्याकडं. चल आपल्या घरी."

ती हलली. दोन पावलं माझ्या दिशेनं आली सुद्धा. मग माझ्या हातांजवळनं, हात न लागता, बाजूनं गेली, आणि बापाच्या पाठीमागं जाऊन उभी राहिली. वळ उठलेल्या बोटांनी तिनं त्याचा सदरा धरला. तिथनं माझ्याकडं बघत राहिली.

दीपा चुलीपुढनं उठली, तोंडावर पदर धरून म्हणली, "अक्का, जावा आता. तिला जेवायचं हाय."